अँग्विलाला लॉटरी लागलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपल्या पुरवणीत कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाविषयी एक चौकट वाचली. संकेतस्थळांच्या पत्त्यात शेवटी येणारे ‘डॉट एआय’ या बेटाच्या मालकीचे आहे आणि तसे पत्ते विकून बेटाला ‘लॉटरी लागली’, असा तिचा सूर होता. पैशांची गोष्ट खरी आहे. २०२३ मध्ये या दोन अक्षरांनी तिथल्या सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळवून दिले, म्हणजे एकूण महसुलाचा पाचव्या हिश्शाहून अधिक. पण ‘लॉटरी’ हा शब्द मला फार लागला.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. तिकिटे जमवण्याचा नाद शाळेपासूनचा. माझ्या वहीत अँग्विलाचे दोन सेंटचे एक तिकीट आहे, त्यावर सोम्ब्रेरो खडकावरचा दीपस्तंभ. पहिल्यांदा १९६७-६८ मध्ये छापलेले. तेव्हा बेटाची वस्ती सहा हजारांच्या आसपास. एवढ्या लोकांना स्वतःची तिकिटे छापण्याची वेळ का आली, हे शोधताना मला त्यांचा इतिहास सापडला.

बेट आहे २६ किलोमीटर लांब आणि जेमतेम ५ किलोमीटर रुंद, वाम माशासारखे. स्पॅनिशमध्ये वामेला म्हणतात तेच त्याचे नाव. जमीन चुनखडीची, सपाट. नदी एकही नाही, पाऊस बेभरवशाचा. १६५० मध्ये इंग्रज आले, पुढे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून मळे पिकवून घेऊ लागले, पण या मातीत ऊस कधी धड आला नाही. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली, मळेवाले हळूहळू निघून गेले आणि खडकाळ तुकडे राबणाऱ्यांच्याच हाती आले. मग मीठ, मासेमारी, शेळ्या आणि शिडाची गलबते यांवर संसार. पुरुष गलबतांत बसून सांतो डोमिंगोच्या (आजच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या) मळ्यांवर ऊसतोडीला जात, आपल्याकडे बीडहून टोळ्या निघतात तसे. परतताना घराच्या ओढीने गलबते एकमेकांशी चढाओढ करीत. होड्यांची शर्यत हा बेटाचा राष्ट्रीय खेळ तिथूनच आला.

ब्रिटिशांनी कारभाराच्या सोयीसाठी १८२५ मध्ये हे बेट सेंट किट्स या दुसऱ्या बेटाला जोडले. मधे शंभरएक किलोमीटर समुद्र. अँग्विलाच्या वाट्याला ना वीज आली, ना धड रस्ते. फेब्रुवारी १९६७ मध्ये सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला यांचे मिळून एक स्वायत्त राज्य झाले, तेव्हा लोकांचा धीर सुटला. ३० मे रोजी त्यांनी सेंट किट्सचे पोलीस बेटावरून परत पाठवले. ११ जुलैला मतदान घेतले: वेगळे होण्याच्या बाजूने १८१३, विरोधात ५. सेंट किट्सने टपाल तोडले. आलेले पत्र माणसाच्या हाती पडत नाही म्हणजे काय, हे मी तीस वर्षे खिडकीमागे बसून पाहिले आहे. त्यांनी स्वतःची तिकिटे छापली आणि टपाल सुरू केले.

यांना ब्रिटनपासून सुटका नको होती, सेंट किट्सपासून हवी होती, ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण त्यांच्यावर रोजचा अधिकार गाजवणारे सरकार सेंट किट्सचे होते. लंडनने मात्र हे बंड समजून १९ मार्च १९६९ रोजी छत्रीधारी सैनिक उतरवले. कुणी प्रतिकार केला नाही, कुणी मेले नाही. बेटाचे नेते रोनाल्ड वेब्स्टर आणि त्यांचे सहकारी मागणीवरून हटले नाहीत. अखेर १९ डिसेंबर १९८० रोजी अँग्विला रीतसर वेगळे झाले आणि ब्रिटिश प्रदेश म्हणून राहिले.

वेगळे झाले म्हणूनच देश-प्रदेशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्यांना स्वतःची दोन अक्षरे मिळाली आणि १९९५ मध्ये इंटरनेटवर ‘डॉट एआय’ आले. सेंट किट्सला जोडलेलेच राहिले असते तर सेंट किट्सच्या ‘केएन’मध्येच त्यांचा हिशेब झाला असता. ही अक्षरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एआय’शी जुळली हा योगायोग मी नाकारत नाही. अक्षरे मात्र त्यांनी मिळवलेली आहेत. एरवी बेटाची मदार पर्यटनावर, आणि सप्टेंबर २०१७ च्या इर्मा वादळाने ते एका दिवसात किती मोडून पडते हेही त्यांनी पाहिले आहे. म्हणून हे उत्पन्न त्यांना मोलाचे आहे.

माझी विनंती एवढीच की, पुन्हा त्या बेटावर लिहाल तेव्हा १८१३ आणि ५ हे आकडे जरूर छापा. ३० मे हा दिवस तिथे आजही ‘अँग्विला दिन’ म्हणून पाळतात. त्या दिवशी शिडाच्या होड्या बेटाला पूर्ण वळसा घालतात आणि लोक किनाऱ्याकिनाऱ्याने गाड्या पळवत आपल्या होडीला हाका घालतात.

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, मिरज