रॉक क्रॉलिंगसाठी विकलेला गिअर सेट, आणि रॉक क्रॉलिंग केले म्हणून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व वॉरंटी विभाग

विषय: मारुती जिप्सीच्या ट्रान्सफर केससाठी (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) घेतलेल्या ४.१६ लो रेंज (वेग कमी, ओढ जास्त) गिअर सेटचे दात वॉरंटीच्या मुदतीत तुटल्याबाबत व माझा दावा फेटाळल्याबाबत.

महोदय,

माझ्या दाव्याला आपल्या विभागाचे उत्तर मिळाले. 'वाहन खडकाळ व रस्ता नसलेल्या भागात चालवल्यामुळे हा गैरवापर ठरतो, सबब दावा नामंजूर,' एवढेच त्यात म्हटले आहे. तुटलेला भाग मागवून न घेता, फोटोंबद्दल एक प्रश्नही न विचारता हा निर्णय झाला. तो मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

ज्या डब्यातून हा सेट माझ्या घरी आला, त्या डब्यावर दगडावर पुढची चाके चढवलेल्या जिप्सीचे चित्र आहे आणि खाली ठळक अक्षरांत 'रॉक क्रॉलिंगसाठी', म्हणजे दगडांवरून अगदी सावकाश गाडी चढवण्यासाठी, असे छापले आहे. आतल्या माहितीपत्रकाची सुरुवातही त्याच शब्दांनी होते. वॉरंटी कार्डावर एक वर्षाची मुदत आहे आणि खडकाळ भागाचा कुठेही अपवाद नाही. हा अपवाद मला पहिल्यांदा दिसला तो दावा फेटाळणाऱ्या आपल्या पत्रात.

शिवाय जिप्सीची रचना आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. या गाडीत लो रेंज टाकली की पुढचा अ‍ॅक्सल जोडला जातोच, आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नाही. कोरड्या डांबरावर फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद आणि लो रेंज) गाडी फिरवली तर शाफ्ट आणि गिअर एकमेकांत आवळत जातात. म्हणजे लो रेंजचा गिअर चालवायची जागा एकच: दगड, चिखल, वाळू, ओढ्याचे पात्र. तिथे चालवणे हाच गैरवापर असेल, तर ही वॉरंटी नेमकी कुठल्या वापरासाठी दिली होती? या प्रश्नाचे लेखी उत्तर मला हवे आहे.

हा सेट मी हौसेखातर घेतला नव्हता. माझी जिप्सी १२९८ सीसीची, एमपीएफआय इंजिनाची आहे. या इंजिनाचा १०३ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो तो ४५०० आरपीएमला, आणि दगडावर गाडी चढवताना आपण असतो हजाराच्या आसपास. त्यात मी ३१ इंची टायर लावले आहेत, त्यामुळे मूळचे गिअरिंग आणखी उंच, म्हणजे वेगाला जास्त आणि ओढीला कमी, झाले. मूळच्या केसमध्ये लो रेंजचा रेशो (गती किती पटीने कमी होते ते प्रमाण) २.२६८ आहे. पहिल्या गिअरच्या ३.६५२ ने गुणले तर साधारण ८.३ येतात. एवढ्यावर गाडी पायरीसारख्या दगडावर चढवायची म्हणजे क्लच अर्धा दाबून इंजिन रेटायचे. क्लच प्लेट जळते, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडी धक्क्याने उडी घेते. ४.१६ च्या सेटने तोच गुणाकार १५.२ वर जातो. त्याच आरपीएमला गाडीचा वेग जवळपास निम्म्यावर येतो, क्लचवरचा पाय पूर्ण काढता येतो आणि उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच गाडी धरून ठेवते. हाय रेंज १.४०९ चीच राहते, म्हणून हायवेवर फरक पडत नाही. हे सगळे आपल्या माहितीपत्रकात आहे आणि रेशोपुरते ते खरेही आहे. सेट बसवल्यानंतर सुरुवातीला गाडी अगदी तशीच चालली. माणसाच्या चालीपेक्षा हळू, एकेक चाक तोलत ती चढायची. तेव्हा मी तीन-चार मित्रांना आपले नाव आवर्जून सुचवले होते.

बिघाड झाला तो मुळशीच्या बाजूला, एका ओळखीच्या खासगी जागेतल्या कोरड्या ओढ्यात. बेसॉल्टची गुडघाभर उंचीची पायरी, पुढची दोन्ही चाके वर गेलेली, पहिला गिअर, फोर-लो. टायर घसरत नव्हते, इंजिन रेटलेले नव्हते. केसमधून टक-टक असा आवाज आला आणि पुढच्याच क्षणी गाडीची पकड सुटली. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाकांपर्यंत काहीच पोहोचत नव्हते. गाडी मागे सरकू लागली. माझा पाय ब्रेकवर गेला आणि मागे बाजूला उभ्या असलेल्या मित्राने चाकाला अडवणारी उटी लावली, म्हणून ती थांबली. तो गाडीच्या थेट मागे उभा असता तर आज हे पत्र वॉरंटीपुरते राहिले नसते. उतारावर माणूस इंजिनाच्या भरवशावर असतो आणि तो भरवसा या गिअरच्या दातांवर असतो.

केस उघडली तेव्हा काउंटर गिअरवरचे (केसमधल्या मधल्या शाफ्टवरचा गिअर) लो रेंजचे सलग तीन दात मुळापासून गेलेले होते. तुटके दात एकदाच्या धक्क्याचे म्हणून सोडून देता आले असते. पण उरलेल्या दातांकडे बघा. त्यांच्या तोंडावर बारीक खड्डे पडले आहेत आणि कडा चेपून एका बाजूला वळल्या आहेत. एका फटक्यात मोडणारा कडक दात असा चेपत नाही. माझ्या मेकॅनिकने, जो जिप्सीच्याच कामावर म्हातारा झाला आहे, काहीही न बोलता कानस उचलली आणि दाताच्या तोंडावरून फिरवली. कानस कापत गेली आणि चकाकता कीस खाली पडला. मग त्याने माझ्याच गाडीतून काढलेला मूळचा काउंटर गिअर घेतला आणि त्याच्यावर तीच कानस तेवढ्याच जोराने चालवली. ती नुसती घसरली, ओरखडाही उठला नाही. त्या जुन्या गिअरने माझ्याकडे यायच्या आधीपासून गाडी ओढली आहे.

मी एवढ्यावर थांबलो नाही. भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात दोन्ही गिअर तपासून घेतले. कार्बुरायझिंग करून (पृष्ठभागात कार्बन मुरवून) कडक केलेल्या गिअरच्या दाताचा पृष्ठभाग रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ५८ ते ६२ असावा लागतो. मूळचा गिअर त्यात बसला. आपला गिअर वेगवेगळ्या दातांवर ३४ ते ३७ भरला. माहितीपत्रकात '२०एमएनसीआर५ पोलाद, केस हार्डनिंग केलेले', म्हणजे वरचा थर कडक केलेले, असे लिहिले आहे. पोलाद कोणते हे मी सांगू शकत नाही, पण हार्डनिंग या नगावर एक तर झालेले नाही किंवा नंतर कुठेतरी उतरले आहे. तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने ऑइल कमी असल्याची आणि फिटिंग चुकल्याची शंका काढली होती. केस उघडण्यापूर्वी ऑइल मापून काढले, ते सुमारे ०.८ लिटर, म्हणजे पुरेपूर भरले. ते बाटलीत सीलबंद ठेवले आहे. त्यात पोलादाचा कीस स्पष्ट दिसतो. सेट बसवतानाच बेअरिंग, ऑइल सील आणि थ्रस्ट वॉशर नवे घातले होते, त्यांची बिले आहेत. लो रेंज एवढी खाली आणली की केस स्वतःच पिळवटते आणि तिचे रबरी माउंटिंग तुटतात, हे जिप्सीवाल्यांना माहीत असते. म्हणून मजबूत माउंटिंगही त्याच वेळी बसवले आणि ते आजही शाबूत आहेत. याबद्दल आपल्या माहितीपत्रकात एक ओळही नाही, हे जाता जाता नोंदवतो.

मला पैशांपेक्षा जास्त काळजी या बॅचची आहे. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री २०१९ मध्ये थांबली. ज्यांनी गाड्या जपून ठेवल्या आहेत ते सुट्या भागांसाठी एकमेकांना विचारत असतात, आणि इथे बनलेला चांगला लो रेंज सेट मिळतो म्हटल्यावर परदेशातून मागवण्याचा खर्च टाळून लोक आपल्याकडे येतात. हार्डनिंग एका भट्टीत राहिले असेल तर त्या भट्टीतून निघालेला प्रत्येक गिअर असाच आहे. तो घातलेली कुठली तरी जिप्सी या आठवड्यात एखाद्या चढणीवर असेल, आणि तिच्या मागे कोणीतरी उभे असेल.

तेव्हा माझी मागणी अशी. सेटची किंमत ५८,००० रुपये, केस उतरवून पुन्हा बसवण्याची मजुरी आणि तपासणीचा खर्च मला परत मिळावा. किमतीऐवजी बदली सेटही मी घेईन, पण त्या नगाचा हार्डनेस अहवाल सोबत असेल तरच. आणि सोबत दिलेल्या बॅच क्रमांकाचे सेट ज्यांना विकले गेले, त्या सर्वांना फोर-लो वापरू नका असे आपण लगेच कळवावे. ही शेवटची मागणी पहिल्या दोन्हींसाठी थांबवू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे पुरेशा चाचणीचा आधार नसलेली कामगिरीची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष वस्तूमुळे होणाऱ्या हानीची जबाबदारीही हाच कायदा उत्पादकावर टाकतो.

तुटलेला काउंटर गिअर, तुटके दात आणि ऑइलची बाटली माझ्याकडे आहे. आपल्या इंजिनीअरला पाठवा, मी त्यांच्यासमोर पुन्हा कानस लावून दाखवतो. मात्र मूळ भाग पोचपावतीशिवाय हाती देणार नाही.

आपला,
एक जिप्सीधारक ग्राहक
पुणे

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, डब्याचा व बॅच क्रमांकाचा फोटो, हार्डनेस तपासणी अहवाल, बेअरिंग, सील व माउंटिंगची बिले, उघडलेल्या केसचे फोटो.