जिलेबी ठेवली, मग मठ्ठा का काढला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विरुद्ध आहारावर लेख आला होता, दूध आणि मासे, दूध आणि आंबट फळं, गरम केलेला मध, सारख्या मापात तूप-मध, असं काय काय एकत्र खाऊ नये त्याची यादी दिलेली. यादी बरोबरच आहे, आयुर्वेदाचा जुना ग्रंथ चरकसंहिता, त्याच्या सूत्रस्थान नावाच्या भागात २६ व्या अध्यायात हे आलंय. पण काय खाऊ नये हे सगळेच सांगायलेत, कशाबरोबर काय खावं हे कोणीच सांगत नाही, आणि ते तर आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पंगतीत पहिल्यापासून होतं. आपण जोडीतला जड पदार्थ तेवढा ठेवला आणि तो पचवणारा सोबती काढून टाकला, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय.

मे महिन्यात आमच्या नात्यातलं लग्न होतं, इथल्याच एका कार्यालयात. बुफे होता. जिलेबी, बासुंदी, पुरी, पुलाव, पनीरची भाजी, मग अननस घातलेलं फ्रूट सॅलड, दहीभात आणि शेवटी आईस्क्रीम. सगळं होतं, मठ्ठा तेवढा नव्हता. आमचे मामंजी ७८ वर्षांचे, त्यांना कोण ना कोण आग्रह करून वाढत होतं आणि तेही खुशीत खात होते. घरी आलो आणि रात्री साडेअकराला ते अंथरुणात उठून बसले, छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाले. या वयात असं काही म्हणालं की ओवा-बिवा करत बसायचं नाही हे मला माहीत आहे, सरळ रिक्षा करून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले गॅस आणि अॅसिडिटी. पहाटे तीनला परत आलो. दोन दिवस ते नुसत्या पेजेवर आणि मुगाच्या कढणावर होते. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना.

आमच्या सासूबाई खानापूर तालुक्यातल्या, आता नाहीत. त्यांनी आयुर्वेदाचं पुस्तक कधी उघडलं नसेल पण पुरणपोळीच्या दिवशी त्यांचा एक नियम पक्का होता, पोळीवर दूध घेतलंस तर आमटी घ्यायची नाही, आमटी घ्यायची तर पोळीवर तूप. मला तेव्हा वाटायचं ही काय सक्ती. आता कळतं, कटाच्या आमटीत चिंच असते आणि दुधाबरोबर आंबट नको हेच तर चरकात आहे. आणि ती आमटी तरी काय साधी नव्हती बघा, हरभऱ्याची डाळ शिजली की वरचं कटाचं पाणी काढायचं, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, जिरं, लवंग, दालचिनी वाटून घालायची, चिंच-गूळ, आणि वर लसूण-कढीपत्त्याची फोडणी, तीही हिंगाचा खडा तेलात फुलून आल्यावरच. डाळ गोड, जड आणि वात करणारी, म्हणून त्याच डाळीच्या पाण्यात जिरं, हिंग, लवंग. पुरणातसुद्धा सुंठ आणि जायफळ घालायच्या त्या. आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांच्या घरी पण होळगी आणि कट्टिन सारू अशीच जोडी आहे, भाषा वेगळी पण ताट एकच. आता लग्नात पुरणपोळी केली की बाजूला पनीर आणि मंचुरियन, आमटीचा पत्ता नाही.

जिलेबीचं तसंच. तळलेली, पाकात बुडवलेली, पचायला जड, म्हणून तिच्याबरोबर मठ्ठा. चांगलं घुसळलेलं पातळ ताक, त्यात ठेचलेलं आलं, मिरची, कोथिंबीर, जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, मीठ आणि किंचित साखर. आयुर्वेदात दही आणि ताक यांत मोठा फरक केलाय. दही जड, उष्ण आणि आत चिकटपणा वाढवणारं, घुसळून पाणी घातलेलं ताक हलकं आणि भूक वाढवणारं. दही रात्री खाऊ नये असं चरक स्पष्ट सांगतात, आणि उन्हाळ्यातही दही चांगलं नाही म्हणतात, हे ऐकून खूप जणांना नवल वाटतं कारण आपण उन्हाळा आला की वाटीभर दही थंड म्हणून खातो. मग रात्रीच्या रिसेप्शनला दहीभात कशाला, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेला ताकभात करायला कितीसा खर्च येतो?

पण मठ्ठा बासुंदीबरोबर नाही, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर लोक ते दोन्ही एकत्र घेतील. पूर्वी एका पंगतीला एकच गोड असायचं ते उगाच नव्हतं. जिलेबीचं जेवण तर मठ्ठा, खिरीचं जेवण तर आंबट कमी. आता चार गोडं एका ताटात येतात, त्यामुळे कशाचा सोबती कोण हे ठरवताच येत नाही. फ्रूट सॅलडचं म्हणाल तर कच्चा अननस दुधात घातला की थोड्या वेळात ते कडवट लागायला लागतं, कारण अननसात दुधातलं प्रोटीन तोडणारा घटक असतो. जिभेला कळतंय, तरी आपण दर लग्नात तेच करतो.

आमरसाला पण हेच, आमच्यात वाटीत रस घेतला की वर तुपाची धार आणि सुंठीची चिमूट पडल्याशिवाय कोणी पहिला घास घेत नव्हतं. पावट्याच्या भाजीला ओवा, अळूला चिंच नाहीतर आमसूल, भोगीच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, रताळी उकडताना मीठ. यातलं काही शास्त्रातलं असेल, काही नुसतं अनुभवातून आलेलं, पण प्रत्येकात पदार्थाचा त्रास कमी करणारा एक सोबती आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, लोक विचारतात मासे आणि सोलकढी चालते का, त्यात दूध असतं ना. अहो ते नारळाचं दूध, चरकात सांगितलंय ते जनावराच्या दुधाबद्दल. दूध थंड गुणाचं आणि मासे उष्ण, म्हणून ते विरुद्ध. आणि दूध-मासे खाल्ले की कोड उठतं अशी भीती घालणारे मेसेज येतात, ते कृपा करून छापू नका, कोड हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटल्यामुळे होतो असं त्वचेचे डॉक्टर सांगतात, आणि ज्यांच्या घरात कोणाला कोड आहे त्यांना असलं वाचून किती वाईट वाटत असेल.

चरकांनी विरुद्धाचे १८ प्रकार सांगितलेत, त्यात नुसती दोन पदार्थांची जोडी नाही, ऋतू, प्रदेश, प्रमाण, भूक लागलीय की नाही हेही आहे. आणि पुढे हेही म्हटलंय की व्यायाम करणाऱ्याला, तरुणाला, ज्याची भूक जबर आहे किंवा ज्याला सवय आहे त्याला विरुद्ध खाणं फारसं बाधत नाही. म्हणजे दिवसभर शेतात राबणाऱ्याला जे सोसतं ते माझ्या मामंजींना सोसणार नाही. आपल्या बेळगावात पावसाळ्यात आठवडाभर ऊन दिसत नाही, भूकच मंदावते, तेव्हा तर आलं, सुंठ, हिंग, ओवा यांचीच दिवसं. म्हणून एकच यादी सगळ्यांना देऊन चालत नाही.

लग्नानंतर मी त्या आचाऱ्याला फोन केला होता. तो बिचारा म्हणाला, वहिनी, मला मठ्ठा येतोय की, घरच्यांनी सांगितलं तर एक पातेलं लावून देतो, पण आता मागतच कोणी नाही, आईस्क्रीमचा स्टॉल मागतात. त्याचं खोटं नाही. मेनू ठरवायला बसतो तेव्हा आपणच विसरतो.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत खाऊ नये ची यादी छापता तशी एकदा खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी अशा गावोगावच्या आजींना आणि जुन्या आचाऱ्यांना विचारून जोड्यांचं एक पान करा, कशाबरोबर काय आणि का. शहापूरला आयुर्वेद कॉलेज आहे, तिथल्या एखाद्या वैद्यांकडून ते तपासून घेता येईल. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा हंगाम सुरू होतो आणि कार्यालयांचं बुकिंग, मेनू दिवाळीच्या आधीच ठरतात, तेव्हा गणपतीपर्यंत छापलंत तर बरं होईल.

आपली नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव