लुडलम गेला, बॉर्न अजून पळतोयच

विश्रामबाग, सांगली

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज बघून हसूच आलं. म्हणे 'एअरपोर्टवर लुडलमचं नवीन बॉर्न दिसलं, घेऊ का'. अरे लेका, जेसन बॉर्न ह्या हेराच्या कादंबऱ्या ज्यानं सुरू केल्या तो रॉबर्ट लुडलम २००१ च्या मार्चमध्येच गेला की! पण तुला तरी काय बोलणार, कव्हरच तसं छापतात. माझ्याकडं त्यातलंच एक आहे, हरभट रोडला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेलं, ते समोर ठेवूनच लिहितोय. वर 'रॉबर्ट लुडलम' एवढ्या मोठ्या अक्षरात, सोनेरी, हात फिरवला तर बोटाला लागतं. त्याच्याखाली पुस्तकाचं नाव. आणि पार तळाला, पांढऱ्या बारक्या अक्षरात, एरिक व्हॅन लस्टबेडर. म्हणजे ज्यानं सगळं लिहिलंय तो. आतलं पान उघडलं की अजून गंमत, कॉपीराइट ना ह्याचा ना त्याचा, 'मिन पिन एलएलसी' म्हणून एक कंपनी आहे तिचा. लुडलमच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणारी कंपनी.

आता हा लस्टबेडर काय कोण होतकरू पोरगा नव्हता बरं का. १९८० साली त्याची स्वतःची 'द निंजा' तुफान खपलेली, त्याच साली लुडलमचा पहिला बॉर्न आला. लुडलमनं बॉर्न लिहिले तीनच, १९८०, १९८६ आणि १९९०. लस्टबेडरनं २००४ पासून २०१७ पर्यंत लिहिले अकरा. तीनवाला वर सोनेरी आणि अकरावाला तळाला, कसं वाटतंय सांग.

आणि वाचताना पण जाणवतं रे. पहिलं आठवतंय ना तुला, हॉस्टेलला पाळीपाळीनं वाचलेलं? समुद्रातनं कोळी एका माणसाला बाहेर काढतात, अंगात गोळ्या, स्वतःचं नाव आठवत नाही, आणि दारुडा डॉक्टर त्याच्या कमरेत कातडीखाली लपवलेली मायक्रोफिल्म शोधतो, त्यावर झुरिकच्या बँकेतला खाते नंबर. बास्स, तिथंच माणूस अडकला. त्या पुस्तकात मारामारीपेक्षा भीती जास्त होती, की मी जर खरंच खुनी निघालो तर? लस्टबेडरनं सुरुवातीलाच काय केलं तर अ‍ॅलेक्स कॉंकलिन आणि डॉक्टर पॅनोव्ह ह्या बॉर्नच्या दोन्ही जुन्या दोस्तांना उडवलं, आणि नंतर त्याच्या बायकोला, मारीला, न्यूमोनियानं मारली, ती पण पडद्यामागं! जिच्यामुळं तो माणूस माणसात आला तिला न्यूमोनिया. मी पुस्तक आपटलं होतं. त्याचं गणित कळतं मला, बायकापोरं असली की हिरो देशोदेशी पळणार कसा, पण मग तो बॉर्न कशाला म्हणायचा, कुठलाही मारामारीवाला चालला असता की.

शिवाय वयाचा घोळ. मूळचा बॉर्न व्हिएतनामवाला. त्याचा दुश्मन कार्लोस, हा खराखुरा दहशतवादी, १९९४ ला सुदानमध्ये पकडला गेला. हिशोब लाव, २०१७ पर्यंत बॉर्ननं नातवंडं खेळवायला पाहिजे होती, हा अजून छपरावरनं उड्या मारतोय. २०२० पासून ब्रायन फ्रीमन लिहितोय, त्यानं सरळ नवा, तरुण बॉर्न घेतला. तुला एअरपोर्टवर दिसलेलं बहुतेक त्याचंच असणार. ते चालतं, वेगवान आहे, प्रवासात घे. (२०१२ चा तो चौथा पिक्चर मात्र लस्टबेडरच्या पुस्तकावर नाही हां, नुसतं नाव उचललंय, त्यात बॉर्नच नाही!)

वयाचा हा घोळ बॉन्डवाल्यांनी आधीच भोगलाय. बॉन्डचा मूळ लेखक इयान फ्लेमिंग १९६४ ला गेला, आणि १९६८ ला किंग्जली एमिसनं रॉबर्ट मार्कहम ह्या खोट्या नावानं बॉन्ड लिहिला. फ्लेमिंगची बायको अ‍ॅन, तिला हे अजिबात पटलं नव्हतं. मग १९८१ पासून जॉन गार्डनर, त्यानं बॉन्डला ऐंशीच्या दशकात आणून साब गाडीत बसवला. नंतर २००८ ला सेबॅस्टियन फोक्स आला, तो कथा परत १९६७ मध्ये घेऊन गेला, त्याच्यानंतरचा अँथनी हॉरोविट्झ तर १९५७ मध्येच. मला हाच रस्ता बरा वाटतो. हिरो ज्या काळातला त्या काळातच राहू दे, मोबाईल दिला की हेराची निम्मी मजा जातेच.

दुसऱ्यानं पुढं लिहिण्याला माझी ना नाही. इथं गणपती पेठेत एका दुकानावर आजोबांचा फोटो आणि नाव, भडंग नातू करतो, आपण घेतोच की. पण नातू गल्ल्यावर समोर दिसतो ना! व्हिन्स फ्लिन २०१३ ला कॅन्सरनं गेला, ४७ वर्षांचा, त्याचा हिरो मिच रॅप, त्याच्या पुढच्या पुस्तकाची थोडीच पानं झालेली. काइल मिल्सनं ते पूर्ण केलं आणि ते धरून नऊ लिहिली, मग २०२४ ला डॉन बेंटलीकडं दिलं. ते वाच, जोड कुठं आहे शोधून पण सापडत नाही. आणि हेरकथावाला जॉन ल कारे, त्याचा मुलगा निक हार्कवे, त्यानं २०२४ ला बापाच्या स्माइली ह्या हेराची कादंबरी लिहिली, १९६३ मध्ये घडणारी, आणि लेखक म्हणून स्वतःचंच नाव लावलं. जमली नसती तर शिव्या त्यालाच बसल्या असत्या, आणि ते बरोबरच आहे.

आपल्याकडं बघ, बाबूराव अर्नाळकर १९९६ ला गेले, हजाराच्या वर रहस्यकथा, पण दुसऱ्या कुणी लिहिलेला झुंजार किंवा काळापहाड आपल्या हातात कधी पडला नाही. उर्दूत उलटं, इब्ने सफी आजारी पडले तेव्हाच त्यांच्या इमरान ह्या हिरोच्या नकली कादंबऱ्या बाजारात आल्या, आणि पुढं मुलतानच्या मझहर कलीमनं इमरानच्या शेकड्यानं कादंबऱ्या लिहिल्या, स्वतःच्या नावावर. एलएलसी वगैरे भानगडच नाही.

एक डोक्यात किडा आहे. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट, म्हणजे फ्लेमिंगनं हयातीत छापलेला बॉन्ड भारतात १ जानेवारी २०२५ ला मोकळा झाला. इंग्लंडात सत्तर, तिथं अजून थांबायचं. ट्रेडमार्कचं झेंगट वेगळं, ते वकिलाला विचारावं लागेल. पण सुचलंय असं की १९५८ चा मिरज जंक्शन, गाडी बदलायला उतरलेला एक साहेब, आणि गांधी टोपीवाला एक हमाल त्याच्यावर लक्ष ठेवून. तू कॉलेजात बरं लिहायचास, पहिलं प्रकरण टाक की लिहून, दुसरं मी लिहितो. नावं मात्र दोघांची, सारख्याच अक्षरात.

आणि फ्रीमनचं घेतलंसच तर वाचून झाल्यावर इकडं कुरिअर कर, फुकटात वाचायची सवय काय गेली नाही माझी. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिग्या