आधी दर छापा, मग इडलीचं बघू

महोदय,

कालच्या अंकातली, किनाऱ्यावर झोपड्यांत खाणावळी चालवणाऱ्या शॅकवाल्यांची कैफियत वाचली. पर्यटक रोडावले (खापर पुन्हा शॅकवरच्या इडलीवर), शुल्क परवडत नाही, कामाला माणसं मिळत नाहीत, आणि शेवटी नेहमीचं रडगाणं: गोवेकर स्वतः शॅकवर जेवायला फिरकत नाहीत. का फिरकत नाहीत, हे विचारायला आपला बातमीदार एकाही गोवेकराकडे गेलेला दिसत नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

रविवारी कोल्हापूरचा भाचा बायकोला घेऊन आला होता. त्यांना दुपारी मांद्रे किनाऱ्यावर जेवायला नेलं. अपेक्षा काही फार नव्हत्या. वाळूत टेबल, थंड बियर, शीत-कडी (आमचा मासळीच्या आमटीचा भात) आणि तळलेली मासळी. शीत-कडी मागितली तर वेटर म्हणाला, "आज नहीं है." प्रत्येक शॅकवर ती मिळालीच पाहिजे, असं पर्यटनमंत्री रोहन खंवटे यांनी 2024 च्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. मेनूकार्डावर ती होतीच म्हणा. पातेल्यातही हवी, असं बहुधा कुणी सांगितलं नसावं.

मासळीच्या दराच्या जागी सगळीकडे 'ए.पी.एस.', म्हणजे साइजप्रमाणे. वेटरने ट्रेमध्ये बर्फावर निजवलेला चणक मासा आणून दाखवला. ताजा होता, खोटं कशाला बोलू, कल्ले उघडून पाहिले, लालभडक होते. किलोला किती, विचारलं तर म्हणे, "किलो नहीं सर, पीस." वजन करून दाखव म्हटलं, तर तराजूच नाही. कार्ड घासायचं मशीन आहे, वायफायचा पासवर्ड खडूने फळ्यावर लिहिलाय, पण मासळी विकणाऱ्याकडे तराजू नाही! म्हापशाच्या बाजारातली मासळीवाली निदान भाव सांगते, मग आपण घासाघीस करतो. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून हो म्हटलं.

ताटात आल्या चार तुकड्या. डोकं कुठे गेलं, विचारलं. "सर, वो तो फेंक देते हैं."

चणकाचं डोकं फेकलं! आमच्या घरी त्या डोक्यावरून भांडणं होतात, तिरफळं घालून त्याचं हुमण करतात, आणि हे ते कुत्र्यांना घालतात. बिलात मात्र डोकं धरून 2,200 रुपये. भाच्याने पाकीट काढलं, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं.

2025 च्या फेब्रुवारीत आमदार मायकल लोबो यांनी विदेशी पर्यटक घटल्याचं खापर शॅकवरच्या इडली-सांबार आणि वडापाववर फोडलं होतं. काल आपणही त्याच इडलीला पुन्हा पाण्यात पाहिलंत. तिने काय घोडं मारलंय? तिचा दर तरी छापलेला असतो. गोवेकरच आपले शॅक बाहेरच्यांना भाड्याने देतात, हेही लोबो तेव्हाच बोलले होते. कालच्या लेखात त्याला बरी बगल दिलीत. सोडतीत शॅक मिळवायचा आमच्या नावाने, चालवायचा दुसऱ्याने, आणि धंदा बसला की पुन्हा आम्हीच येत नाही म्हणून ओरड. ज्याला चणकाच्या डोक्याची किंमत कळत नाही, त्याच्याकडे शीत-कडी कुठून मिळणार?

प्रत्येक शॅकवर तराजू आणि किलोचा दर लिहिलेली पाटी, एवढं पर्यटन खात्याने करावं. परिसंवाद नकोत.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. आपलं पेडणे तालुक्याच्या बातम्यांचं पान हल्ली अर्धंच येतं. उरलेल्या अर्ध्यावर आमच्याच डोंगरावरच्या व्हिलांची जाहिरात, 'मोपा विमानतळापासून काही मिनिटांवर', प्रत्येकीला स्वतंत्र स्विमिंग पूल. त्या पुलांना पाणी कुठून येतं, तेही एकदा छापा. आमच्या नळाला दिवसाआड येतं.

आपला,
एक जुना वाचक, पेडणे