शनिवारी ‘द बिग कंट्री’ : कृपया वेळेत या

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ५.३० वाजता नेहमीच्या हॉलमध्ये विल्यम वायलर यांचा ‘द बिग कंट्री’ (१९५८) हा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या जगातला चित्रपट दाखवणार आहोत. चित्रपट पावणेतीन तासांचा आहे, त्यामुळे कुणासाठी थांबता येणार नाही. शिवाय सॉल बास यांची श्रेयनामावली आणि तिच्यावरचं जेरोम मोरॉस यांचं संगीत चुकलं, तर फार मोठा आनंद हुकेल. धावत्या घोडागाडीची चाकं आणि ती धून, एवढ्यावरच मन त्या माळरानावर पोचतं.

मेजर टेरिल आणि रूफस हॅनसी या दोन पशुपालकांचं जुनं वैर आहे. भांडण गुरांच्या पाण्यावरून. पाणवठ्याची जमीन मात्र तिसरीच्याच मालकीची, गावच्या शिक्षिकेची! त्यात अमेरिकेच्या पूर्वेकडून येतो एक जहाजाचा कप्तान (ग्रेगरी पेक), मेजरचा होणारा जावई. आपली मर्दुमकी चारचौघांत सिद्ध करायची त्याला गरजच वाटत नाही. या प्रकारच्या चित्रपटात असा नायक विरळाच.

पेक आणि चार्लटन हेस्टन (मेजरचा मुकादम) यांची मारामारी नीट पाहा. कॅमेरा वारंवार इतका दूर जातो की अफाट माळावर ती दोन माणसं ठिपक्याएवढी दिसतात. रूफसच्या भूमिकेसाठी बर्ल आइव्ह्ज यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मेजरच्या घरच्या समारंभात तो बंदूक घेऊन शिरतो, तो प्रसंग पाहिलात की कारण कळेल.

मूळ इंग्रजी संवाद, इंग्रजी सबटायटल्स. मध्ये दहा मिनिटं चहा. सोबत पाहुणे आणणार असाल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा, खुर्च्या मांडायला बरं पडेल.