दिवाळीतल्या पोहण्याविषयी

विटा, जि. सांगली
सप्टेंबर अखेर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे कोइमतूरहून पाठवलेले पत्र परवा मिळाले. दिवाळीत मुलाला आपल्या तलावावर पोहायला न्यायचे आहे, पण पाणी फार गार असेल का, आणि तसे असेल तर सोने-चांदी गाळण्याचे, गलाईचे काम थोडे बाजूला ठेवून मे महिन्यातच यावे का, असे तू विचारले आहेस. उत्तर आधीच देतो: दिवाळीतच ये. कारण सांगायला मात्र थोडी शाई खर्च करावी लागेल.

मे महिन्यातल्या ज्या थंडगार पाण्याची तू एवढी आठवण काढतोस, ते तलावाचे नव्हतेच, विहिरीचे होते. १९७२ च्या दुष्काळात खणलेला आपला पाझर तलाव त्या काळी मार्च संपता संपता आटत असे आणि मे महिन्यात त्याच्या भेगाळलेल्या तळात आपण विटीदांडू खेळत असू. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आपण पोहायला शिकलो ते विहिरीत. विहिरीत येणारे पाणी खोल जमिनीतून झिरपत येते आणि त्या खोलीवर वरच्या ऋतूंचा फारसा प्रभाव पोहोचत नाही. वर्षभराच्या हवेच्या सरासरी तापमानाजवळच ते घुटमळते. म्हणून तेच पाणी बाहेर चाळिशीचे ऊन असताना गार लागते आणि पौषातल्या पहाटे कोमट. तलावाचे तसे नाही. तो उघडा आणि उथळ, त्यामुळे ऊन, वारा, रात्रीची थंडी हे सारे त्याला भोगावे लागते.

आता तो मे महिन्यातही कोरडा पडत नाही, कारण टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी उन्हाळ्यात त्यात सोडतात. तेव्हा मे महिन्यात पोहता येत नाही असे मी म्हणणार नाही. मात्र त्या पाण्याची गंमत तुला ठाऊक असायला हवी. निवृत्तीनंतर रिकामा वेळ मिळाला तेव्हा मी ते मोजून पाहिले. नुसता थर्मामीटर सुतळीला बांधून खाली सोडला, तर वर ओढेपर्यंत त्याचा पारा बदलतो. म्हणून दगड बांधलेली बूच लावलेली बाटली खाली सोडायची, दुसऱ्या दोरीने बूच ओढायचे, बाटली भरू द्यायची, थोडे थांबायचे आणि वर काढल्याबरोबर आतल्या पाण्याचे तापमान पाहायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी वरचे पाणी ३१ अंशांवर होते आणि दोन पुरुष खोलीवरचे २६ अंशांच्या आसपास. तापलेले पाणी हलके होऊन वर राहते, गार आणि जड पाणी खाली बसते, आणि जोराचा वारा सुटल्याशिवाय ते दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. छातीपर्यंत आंघोळीचे पाणी आणि पाय खाली सोडले की पोटऱ्यांना गारवा, असा तो प्रकार असतो. खुल्या पाण्यातल्या पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पाणी १६ ते ३१ अंशांच्या दरम्यान असावे असा नियम आहे. म्हणजे आपला तलाव त्या दुपारी वरच्या मर्यादेलाच टेकला होता. अशा पाण्यात जोराने हात मारले तर अंगातली उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही आणि माणूस लवकर दमतो. त्यात काठाजवळ शेवाळाचा हिरवा साका धरतो, आणि वळीव कधी येईल याचा भरवसा नसतो. पहिला गडगडाट ऐकू आला की पाण्यात थांबायचे नाही, हे तुझ्या शहरातल्या तरणतलावात शिकलेल्या मुलाला मुद्दाम सांगावे लागेल.

पावसाळ्यातले पोहणे तर सोडूनच दे. ओढ्याने आलेले पाणी चहासारखे लाल असते, त्यात हाताचा पंजाही दिसत नाही.

आपल्याकडे खरा पाऊस परतीचाच. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो आणि तेव्हाच तलाव भरतो. एकदा पाऊस थांबला की दोन-तीन आठवड्यांत गाळ खाली बसतो आणि दिवाळीच्या सुमारास पाणी निवळशंख होते. तापमानही तेव्हा बेताचे असते. पाणी हळू तापते आणि हळूच निवते, त्यामुळे हवेत गारवा आला तरी तलाव ऑक्टोबरची ऊब काही दिवस धरून ठेवतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात दुपारी तीन वाजता मला २६ अंश मिळाले. तरणतलावातल्या स्पर्धांसाठी २५ ते २८ अंशांचा दंडक आहे, तेव्हा तुझ्या मुलाला हे पाणी परके वाटणार नाही.

त्यानंतर मात्र रोज थोडे थोडे उतरते. रात्री वरचे पाणी गार होऊन खाली जाते, खालचे वर येते, आणि जानेवारीत वरपासून तळापर्यंत सारखेच २० अंश होते. पहाटे त्यावर वाफ तरंगताना पाहून आपले लोक म्हणतात की पाणी गरम आहे. ते गरम नसते. हवा त्याहून गार असते, एवढेच. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता कितीतरी पटींनी वेगाने ओढून घेते, हे त्या वाफेला भुलून उतरणाऱ्याला पाच मिनिटांत कळते. आणि खरी हुडहुडी भरते ती बाहेर आल्यावर, कोरडा वारा ओल्या अंगावरून जाताना. मी स्वतः जानेवारीतही उतरतो, पण वीस मिनिटांच्या वर नाही, आणि घरी त्याचा उल्लेख करत नाही.

आता धोक्याचे. तलावात सूर मारायचा नाही आणि मुटकाही नाही. पाणलोटात पूर्वी बाभळी होत्या, त्यांचे बुडखे गाळात तसेच आहेत आणि पाण्याची पातळी बदलली की ते नव्या जागी घात करतात. सांडव्याच्या बाजूला जायचे नाही. पण मला सर्वात जास्त भीती वाटते ती काठावरच्या मोटारींची. पूर्वेच्या काठाने शेतकऱ्यांनी पाण्यात मोटारी सोडल्या आहेत, केबलींना जागोजागी जोड दिले आहेत, आणि असा एखादा जोड उघडा पडला तर पाण्यात करंट उतरतो. म्हणून मी पोहण्याची वेळ उन्हावरून नव्हे, शेतीच्या लाईटवरून ठरवतो. एका आठवड्यात ती दिवसा असते, दुसऱ्यात रात्री. लाईट रात्रपाळीला असेल त्याच आठवड्यात दुपारी पोहायचे, आणि तेही पश्चिमेच्या काठाने, जिथे तळ मुरमाड आहे आणि पाणी छातीएवढे होईपर्यंत चाळीस पावले चालावे लागते.

मुलाला कितीही चांगले पोहता येत असले तरी पहिल्या दिवशी डबा बांधूनच उतरवू. तरणतलावात चार हात मारले की कठडा हाताला लागतो. इथे तो नाही.

तुझ्या येण्याची तारीख दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कळव, म्हणजे त्या आठवड्याचे लाईटचे वेळापत्रक पाहून ठेवतो आणि मोटारवाल्यांशीही बोलून ठेवतो.

तुझा,
बालमित्र