लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसरचा नंबर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात पावसाच्या आधी लॅपटॉपच्या जाहिराती येतात. राजारामपुरी, शाहूपुरीपासून इचलकरंजी, गडहिंग्लजपर्यंतच्या दुकानांच्या या जाहिरातींत मजकूर बहुतेक एकच असतो: १५.६ इंच पडदा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११, इंटेल प्रोसेसर. सोबत फुकट मिळणाऱ्या बॅगेचा फोटोसुद्धा असतो. नसतो तो फक्त प्रोसेसरचा, म्हणजे यंत्राच्या मेंदूचा, नंबर. आणि स्वस्तातल्या लॅपटॉपचे सगळे बरेवाईट त्या नंबरातच असते.

कमी किमतीच्या यंत्रांत दोन प्रोसेसर वारंवार दिसतात: इंटेल सेलेरॉन एन ४०२० आणि इंटेल एन १००. कंपनी एक, नावातले अक्षर एक, आणि कागदावर दोन्हींची वीजमर्यादाही ६ वॉटच. साध्या गिऱ्हाइकाला ४०२० हा आकडा १०० पेक्षा मोठा दिसतो, म्हणून तोच सरस वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. गोंधळात भर म्हणजे इंटेलने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, की २०२३ पासूनच्या लॅपटॉपसाठी पेंटियम आणि सेलेरॉन ही नावे जाऊन त्यांच्या जागी नुसते 'इंटेल प्रोसेसर' हे नाव येईल. त्यामुळे जाहिरातीत 'इंटेल प्रोसेसर' छापले असेल तर ते मालाचे नाव आहे की मोघम वर्णन, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरलेला नाही.

एन ४०२० हा २०१९ च्या अखेरीचा माल. १४ नॅनोमीटरची बनावट, दोन कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ, जोर लावल्यावर २.८ पर्यंत. रॅम अधिकृतपणे ८ जीबीपर्यंतच. एन १०० आला २०२३ च्या सुरुवातीला. त्यात चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, ६ एमबी कॅशे (चिपमधलीच जलद स्मृती) आणि रॅम अधिकृतपणे १६ जीबीपर्यंत. पण नुसते कोअर मोजून अंदाज चुकतो. एन १०० मधला प्रत्येक कोअर त्याच वेगाला जुन्यापेक्षा बरेच जास्त काम उरकतो. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात तो एन ४०२० च्या दुपटीच्या आसपास जातो. चारही कोअर लागले की फरक तिपटीच्या पुढे सरकतो. एकेकाळी ऑफिसांतून सर्रास दिसणाऱ्या ६५ वॉटच्या आय ५-६५०० या डेस्कटॉप प्रोसेसरच्या जवळपास आज हा ६ वॉटचा जीव पोचतो.

रोजच्या कामात हे कुठे जाणवते? एकटी वर्डची फाइल, एका कंपनीची टॅली किंवा लहानसे एक्सेल उघडले तर एन ४०२० कुरकुरत का होईना, चालतो. अडचण सुरू होते ती दोन कामे एकदम आली की. महाडीबीटीचा अर्ज एका टॅबमध्ये, दाखल्यांच्या पीडीएफ दुसरीकडे, आणि मागे विंडोज अपडेट उतरवून घेतेय, अँटिव्हायरस डिस्क चाळतोय. दोनच कोअर, दोन्ही शंभर टक्क्यांवर जातात आणि माऊसचा बाणसुद्धा अडखळतो. लोक म्हणतात 'व्हायरस शिरला' आणि फॉरमॅट मारून घेतात. फॉरमॅटनंतर विंडोज सगळे अपडेट पुन्हा ओढते, म्हणजे दुखणे आणखी दोन दिवस वाढते. ऑनलाइन तासाला कॅमेरा सुरू ठेवून मागची भिंत धूसर करण्याची सोय लावली की याची ताकद संपलीच. एन १०० वर हीच कामे बिनबोभाट होतात.

व्हिडिओची गोष्ट वेगळी. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ आता एव्ही१ या प्रकारात येतात. एन १०० मध्ये ते उलगडण्याची स्वतंत्र व्यवस्था चिपमध्येच आहे. एन ४०२० मध्ये ती व्हीपी९ या आधीच्या प्रकारापर्यंतच आहे. एव्ही१ व्हिडिओ आला की तो सगळा भार दोन कोअरवर पडतो, चित्र तुटते, यंत्र तापते. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या (व्हिडिओच्या प्रकाराच्या) ओळीत एव्ही०१ दिसले तर यूट्यूबच्या सेटिंगमधल्या 'प्लेबॅक अँड परफॉर्मन्स'मध्ये जाऊन एव्ही१ फक्त एसडी दर्जासाठी ठेवा. जुन्या यंत्राला तेवढ्याने बराच दम मिळतो.

संगणकशास्त्र किंवा बीसीए घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी, कारण ती दुकानात कोणी सांगत नाही. एन ४०२० मध्ये एव्हीएक्स या सूचना (अनेक आकड्यांवर एकदम गणित करण्याच्या आज्ञा) नाहीत. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या साधनाची १.६ पासूनची तयार बांधणी आणि मोंगोडीबी या डेटाबेसची ५.० पासूनची आवृत्ती त्या सूचना मागते. त्या नसल्या की प्रोग्रॅम हळू चालतो असे नाही, तो चालतच नाही. एन १०० मध्ये एव्हीएक्स २ पर्यंत सगळे आहे. मात्र अँड्रॉइड स्टुडिओचा इम्युलेटर (संगणकात चालणारा आभासी मोबाइल), थ्रीडी कॅड किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचे असेल तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. उद्यमनगरात ड्रॉइंग बघण्यापुरता एन १०० पुरेल. डिझाइन करायला तो घेतला तर पस्तावायची वेळ येईल.

खरे तर एन ४०२० ची निम्मी बदनामी त्याच्या सोबत्यांमुळे आहे. या प्रोसेसरच्या बऱ्याच यंत्रांत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्तातली साठवणीची चिप) असते, दोन्ही मदरबोर्डवर सोल्डर केलेले, म्हणजे डाग देऊन कायमचे बसवलेले. विंडोज ११ ची किमान अट तेवढीच आहे, म्हणून डब्यावर खोटे काही लिहिलेले नसते. पण नुसती विंडोज सुरू होऊन बसली की ४ जीबीतली निम्म्याहून अधिक रॅम गेलेली असते. मग उरलेला पसारा ती ईएमएमसीवर हलवत राहते, आणि ईएमएमसी लहान लहान फाइलींच्या ये-जा करण्यात एसएसडीच्या फार मागे आहे. वर्षभराने मोठा अपडेट येतो, जागा नसते, अर्ध्यावर फसतो. जाहिरातीतले '६४ जीबी स्टोरेज' हे एसएसडी नव्हे, एवढे तरी गिऱ्हाइकाला कळायला हवे.

एन १०० घेतला म्हणजे सगळे सोने, असेही नाही. त्याला रॅमचा एकच चॅनल (रॅमशी जोडणारा मार्ग) आहे, त्यामुळे स्लॉट असला तरी सहसा एकच असतो. ८ ची काढून १६ ची बसवावी लागते, दुसरी शेजारी लावता येत नाही. बऱ्याच पातळ यंत्रांत तीही सोल्डरच. शिवाय ६ वॉट हा आकडा पायाभूत आहे. थोड्या वेळासाठी किती जादा वीज खेचू द्यायची आणि नंतर कुठे आवळायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, म्हणून एकाच एन १०० चे दोन लॅपटॉप वेगळे वागतात. दोन्ही प्रोसेसर पंख्याशिवायही वापरले जातात. शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा लेथशेजारच्या टेबलावर हा मोठाच फायदा, कारण धातूची धूळ आत ओढणारे काही नसते. पण असे यंत्र गादीवर ठेवून वापरले की बुडाची उष्णता अडकते आणि प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. ते बिघाडाचे लक्षण नाही.

बॅटरीच्या बाबतीत लोक ६ वॉटला नको तितके महत्त्व देतात. साध्या वापरात पडदाच प्रोसेसरच्या बरोबरीने वीज खातो. ३८ वॉट-तासांची बॅटरी आणि सगळे मिळून सरासरी ७ वॉट खर्च धरला तर सुमारे साडेपाच तास निघतात, प्रोसेसर यातला कोणताही असो. गगनबावडा, राधानगरीकडे पावसात वीज जाते तेव्हा कामाला येतात ते बॅटरीचे वॉट-तास. तेही जाहिरातीत नसतात.

दुकानात यंत्र चालू करून घ्यावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'खाली सीपीयूवर गेल्यावर उजव्या कोपऱ्यात पूर्ण नाव आणि खाली कोअरची संख्या दिसते. मेमरीवर जाऊन 'फॉर्म फॅक्टर' बघा. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे, पुढे वाढणार नाही. डिस्कवर गेल्यावर तिचा मॉडेल नंबर मिळतो, तो मोबाइलवर शोधला की एसएसडी की ईएमएमसी ते कळते. नव्याने चालू केलेले यंत्र पहिली दहा मिनिटे अपडेटच्या धबडग्यात असते, तोवर निवाडा करू नये. ते शांत झाल्यावर एक व्हिडिओ आणि सात-आठ टॅब दहा मिनिटे चालवून सीपीयूचा 'स्पीड' बघत राहावे. भार तसाच असून आकडा उतरत उतरत खाली स्थिरावला, तर उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था तोकडी आहे. 'विंडोज एस मोडमध्ये आहे का?' हेही विचारावे. असल्यास मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काही बसत नाही, म्हणजे बाहेरून आणलेले मराठी टंकलेखनाचे पॅकेजही नाही. सेटिंगमधल्या 'अ‍ॅक्टिव्हेशन'मधून एस मोड फुकट काढता येतो, मात्र परत लावता येत नाही.

नावांच्या बाबतीत इतरत्रही 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असा प्रकार आहे. 'कोअर आय ३' म्हणून विकला जाणारा एन ३०५ हा एन १०० चाच थोरला भाऊ, आठही कोअर लहान जातीचे. आय ३-१२१५यू मध्ये दोन मोठे कोअर आणि चार लहान. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात तो एन ३०५ च्या स्पष्टपणे पुढे. जाहिरातीत दोन्ही नुसते 'आय ३'. एएमडीच्या रायझन ३ ७३२०यू मधला ७ हा २०२३ च्या मालिकेचा. आतली रचना २०१९ ची झेन २ आहे, हे तिसऱ्या अंकावरून कळते. तरी चार कोअर आणि आठ थ्रेडमुळे (प्रत्येक कोअरवर एकदम दोन कामे) तो वाईट नाही. फक्त त्याची एलपीडीडीआर ५ रॅम सोल्डरच असते, म्हणून ८ जीबीपेक्षा कमीचा घेऊ नये. सेकंडहँड घ्यायचा तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचा नको, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. चांगल्या बॅटरीचा आय ५-८२५०यू मिळाला तर तो नव्याकोऱ्या एन ४०२० पेक्षा केव्हाही बरा.

घरी एन ४०२० आहेच, तर तो फेकायची गरज नाही. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये नको ते बंद करावे, ब्राउझरचा 'मेमरी सेव्हर' चालू ठेवावा, डिस्कवर १५-२० जीबी जागा कायम मोकळी राखावी. रॅमचा स्लॉट असेल तर ८ जीबी करावी. एम.२ ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा असेल तर एसएसडी बसवून विंडोज तिच्यावर घ्यावी, फक्त ती जागा साटा आहे की एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याचे दोन वेगळे प्रकार) हे विकत घेण्याआधी पाहावे. ४ जीबीवरच भागवायचे असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती विंडोजपेक्षा हलकी पडते.

गूळ घेताना रंग आणि कणी बघणाऱ्या या गावात लॅपटॉप मात्र पडद्याच्या इंचांवर विकला जातो. त्यात सगळा दोष गिऱ्हाइकाचा नाही. छापील माहितीच अपुरी आहे. आपल्या जाहिरात विभागाने लॅपटॉपची जाहिरात स्वीकारताना दुकानदाराकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम स्लॉटमध्ये की सोल्डर, स्टोरेज एसएसडी की ईएमएमसी, बॅटरी किती वॉट-तासांची. 'इंटेल एन १००, ८ जीबी (स्लॉट), २५६ एसएसडी, ३८ वॉट-तास' ही ओळ बॅगेच्या फोटोपेक्षा कमी जागेत बसते.

कळावे,
आपला वाचक,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, शाहूपुरी, कोल्हापूर